एकही कमेंट शिल्लक नको

आमच्या मिरची पावडरच्या पेजवर कोणी नुसता अंगठा दाबला, तरी त्याला उत्तर जायचं: "आपला अंगठा मिळाला. आभारी आहोत. घरी सर्वांना नमस्कार." हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हातातला चहा ओढणीवर सांडला.

लिहिणारे जिभाऊ. जवळच्या कोरीट गावचे, पोस्टातून निवृत्त. नंदुरबारला आमची छोटीशी मसाला कंपनी. दळण आणि पॅकिंग यातून मला पेजकडे बघायला फुरसत नव्हती. जिभाऊ आपणहून म्हणाले, "ताई, मी पाही लेसू. जलमभर लोकेसना कागदच पोचाडात." मी त्यांना कंपनीचा एक फोन दिला.

'शिल्लक' हा त्यांचा आवडता शब्द. रोज सकाळी आमच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून सांगायचे, "कालनं काहीच शिल्लक नही." एकदा जळगावच्या एका मुलीने आमच्या जाहिरातीवर हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा टाकला. जिभाऊंनी विचारलं, "आपण का रडत आहात? अडचण असल्यास सविस्तर कळवावे." मी कपाळावर हात मारला. तर त्या मुलीने खरंच सविस्तर कळवलं. परीक्षा, वडलांशी अबोला, सगळं. खाली जिभाऊंची लांबलचक उत्तरं. मिरचीबद्दल अक्षर नाही.

मग धुळ्याच्या एका मोठ्या खाणावळवाल्याने विचारलं, यंदा रंग कसा आहे? त्याची ऑर्डर मिळाली असती तर आमचं वर्ष निघालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेज उघडलं. जिभाऊंनी लिहिलं होतं: "मोकळ्या मैदानात वाळत घातलेली मिरची अवेळी पावसाने भिजली. रंग उतरला आहे. आपण थोडे थांबावे."

शब्दन् शब्द खरा होता. पण ते जगाला सांगायचं? मी तिथल्या तिथे पेजवरच्या कमेंट बंद केल्या. दुपारी स्कूटी काढली आणि फोन परत आणायला कोरीटला निघाले. काय बोलायचं ते वाटेत दोनदा घोकलं.

दार उघडंच होतं. आतून जिभाऊंचा वाचण्याचा आवाज येत होता.

"सुरतनी एक बाई लिखस, तुम्हनी मिरचीनी भाजी खाईसन मन्हा सासरा आज हसना."

मी उंबऱ्यातच थबकले. सकाळपासून कमेंट बंद होत्या. अशी कमेंट येणंच शक्य नव्हतं.

खाटेवर त्यांची बायको बसली होती. नजर भिंतीकडे, कान जिभाऊंकडे. काकूंची दृष्टी गेलीय, हे मला आजवर माहीतच नव्हतं. जिभाऊ कधी बोललेच नव्हते.

"तिले लिखा," काकू म्हणाल्या, "सासराले वरतीन दूध देजो. तिखट शे."

"लिखं," म्हणत जिभाऊ काळ्या पडलेल्या स्क्रीनवर बोट फिरवत होते.

आजवरची ती सगळी उत्तरं कोणाची, ते मला तेव्हा कळलं. आणि ज्या दिवशी कमेंट येत नसतील, त्या दिवशी या घरात काय होत असेल, तेही.

जिभाऊंनी वर पाहिलं. मला बघून त्यांचं बोट थांबलं. चेहरा पार उतरला.

"काबर थांबनात?" काकूंनी विचारलं. "आखो काय शे?"

घोकलेलं मला एकही वाक्य आठवेना. मी खाटेच्या कडेला बसले.

"काकू, मी मिरचीवाली, नंदुरबारथीन उनू. ती सुरतनी बाईनी आखो इचारेल शे, सासराले भरीत चालई का?"

काकू ताठ झाल्या. पदर सारखा केला. "भरीत? लिख पोरी. वांगं पहिले काड्यासवर भाजनं…"

जिभाऊ उठून चुलीकडे गेले. पाठमोरेच चहाचं आधण ठेवू लागले. मी माझा फोन काढला, पेजवरच्या कमेंट पुन्हा सुरू केल्या आणि काकू सांगतील तसं भरीत लिहायला लागले.