कुणी न ऐकलेला मेदु

निलंग्याच्या बाजारात मधाच्या भावाआधी मधाचं लिंग विचारणारं गिऱ्हाईक एकच, अंबादास मास्तर.

"अप्पा, मध पुल्लिंगी का नपुंसकलिंगी?"

"पातळ हाय. वाटी धरा."

माझी शाळा दुसरीतच सुटली. पण दुकान मी कुणाच्या बापाला विचारून चालवलं नाही. मास्तर मात्र माझीच गिऱ्हाइकं अडवून शिकवायचे. रशियात मधाला म्योद म्हणतात. तिकडच्या सगळ्या भाषा जुळवून त्यांचा जुना शब्द निघतो, मेदु. पुल्लिंगी. शेवटचा उ एवढासा, जेमतेम ऐकू येणारा. पुढं तोही गेला. असल्या जुळवून काढलेल्या, कुठंच लिहून न ठेवलेल्या शब्दाआधी मास्तर चांदणी काढायचे. "चांदणी म्हंजे कुणी ऐकला न्हाई, पर होता!"

बाया पदर तोंडाला लावायच्या. "मास्तर, मेदु लावून भाकर खाल्ली का आज?"

निजामाचं राज्य, शाळा उर्दू. एकदा चांदणी लावलेला मेदु फळ्यावर गेला. सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर, म्हणाले, "मास्टरसाब, ये लफ्ज बोलता कौन है?"

"कोई नहीं."

"तो मिटाइए. बच्चों से कहिए, झूट था. वरना कल से घर बैठिए."

मास्तरांनी खडू ठेवला आणि टोपी घालून ते घरी गेले.

ऐकून मी भडकलो, थेट त्यांच्या घरी गेलो. "डोकं फिरलं का, मास्तर? एक फडकं मारायचं, सुटायचं! खाणार काय? चांदण्या?"

माझी नजर कोनाड्यात गेली. वाटीत माझ्याच दुकानातला मध आणि त्यात बुडालेली सोन्याची अंगठी. आमच्याकडं जन्मलेल्या लेकराला अंगठीनं मध चाटवतात. या घरात तर लेकरू नव्हतं.

मास्तरीणबाई म्हणाल्या, "देगलूरला असताना झालं होतं, अप्पा. हे वाटी घेऊन दाराशी हुबे. लेकरू रडलंच न्हाई. सगळे म्हणले, श्वाससुद्धा घेतला न्हाई, त्याला झालं म्हणू नका."

मास्तर भिंतीकडं बघत होते.

"कुणी ऐकला न्हाई, अप्पा," ते म्हणाले. "पर होता."

मी आलो तसा परत निघालो.

दुसऱ्या दिवशी फळा शिपायानं पुसला. मास्तरांची नोकरी गेली ती गेलीच. संध्याकाळी ते वाटी घेऊन दुकानात आले. बायांनी हसायची तयारी केली होती. पण मास्तरांनी आज काहीच विचारलं नाही.

मीही न बोलता वाटी भरली.