एसीला माणसांचा त्रास

मनुष्य हा उष्णता निर्माण करणारा प्राणी आहे. घरात एसी येईपर्यंत ही गोष्ट त्याला कोणी तोंडावर सांगत नाही, इतकेच.

चष्म्याच्या दुकानाचे मालक, ज्यांना सगळी इमारत 'चष्मेवाले' म्हणून ओळखत असे, त्यांनाही ती ठाऊक नव्हती. त्यांना एवढेच दिसत होते, की यंदाच्या उन्हाळ्यात आईचा जीव घाबरा होतो. दुपार झाली की ती हाताला येईल त्या कागदाने वारा घेत पलंगावरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून थेट फरशीवर, अशी गारवा शोधत फिरे. डॉक्टरांनी नाडी पाहिली, छाती तपासली, "यांना गार जागेत ठेवा, पाणी भरपूर पाजा" असे सांगितले आणि ते स्वतःचा घाम पुसत निघून गेले. चष्मेवाल्यांनी त्याच संध्याकाळी एसी ठरवून टाकला. आईसाठी. (या व्यवसायातले जाणकार सांगतात, की दहापैकी नऊ घरे एसी आजारी माणसासाठीच घेतात. दहाव्या घरात एसी आल्यावर आजारी माणसाचा शोध घेतला जातो.)

एसी घेणे म्हणजे दुकानात जाऊन यंत्र उचलून आणणे, असा घरमालकांचा एक भाबडा समज असतो. तसे नसते. आधी सल्लागार येतो. हा सल्लागार बूट दाराबाहेर काढून, हातात मोजपट्टी घेऊन, एखाद्याच्या तब्येतीची चौकशी करायला यावे तशा हलक्या पावलांनी आईच्या खोलीत शिरला. त्याने भिंती मोजल्या. छताकडे बराच वेळ पाहिले. पश्चिमेच्या खिडकीपाशी मात्र त्याने, वाया गेलेल्या मुलाविषयी बोलताना सोडावा तसा, एक सुस्कारा सोडला. मग पलंगावरच्या आईकडे बोट करून विचारले, "ह्या इथेच असतात?"

"तिच्यासाठीच तर घेतोय," चष्मेवाले म्हणाले.

"तसं नाही, साहेब. लोड धरावा लागतो. एक माणूस म्हणजे शंभर वॅटचा दिवा समजा. घरात किती दिवे आहेत?"

चष्मेवाल्यांनी सांगितले: आई, बायको, ते स्वतः आणि मेहुणा. (हा मेहुणा नोकरी शोधायला म्हणून आला होता आणि शोध चालू ठेवायला म्हणून राहिला होता.) सल्लागाराने मेहुण्याला उभे राहायला सांगितले, त्याला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि त्याचे दोन दिवे धरले.

"गप्प बसणाऱ्या माणसाला काही सूट?" बायकोने विचारले.

"आतल्या आत धुमसत असेल तर नाही," सल्लागार म्हणाला.

बेरीज यंत्राच्या ताकदीबाहेर गेली. अशा वेळी शास्त्रात दोनच मार्ग सांगितले आहेत: मोठे यंत्र किंवा छोटे कुटुंब. मोठे यंत्र घराच्या वायरिंगला झेपणार नव्हते. दुसरा मार्ग घराला झेपेल का, हे विचारण्याची पद्धत नाही.

मग बाहेरचे युनिट कुठे लावायचे, यावर खल झाला. रस्त्याच्या बाजूला लावले तर इमारतीची शोभा जाते, असे सेक्रेटरींचे म्हणणे पडले. मागे लावावे तर गरम वारा शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात जाणार, आणि गच्चीवर न्यावे तर पाइप पुरणार नव्हता. राहता राहिली बाल्कनी. तिथे आई संध्याकाळची बसत असे, कारण घरात वाऱ्याची झुळूक येणारी तेवढी एकच जागा होती. पण वारा यंत्रालाही लागतोच. आईची खुर्ची आत आली आणि तिच्या जागी युनिट बसले. (घरमालकांनी ध्यानात ठेवावे: बाहेरच्या युनिटभोवती मोकळी जागा सोडणे आवश्यक आहे. माणसांभोवती किती सोडावी, याबाबत माहितीपत्रकात काही म्हटलेले नाही.)

एसी बसवणाऱ्याने भिंतीला भोक पाडले, तेव्हा घरातल्या प्रत्येक वस्तूवर आणि मेहुण्यावर धुळीचा सारखाच थर बसला. भोकातून जाणाऱ्या पाण्याच्या नळीला बाहेरच्या बाजूला उतार असावा लागतो. पहिल्या दिवशी तो आतल्या बाजूला राहिला आणि पाणी थेट आईच्या खांद्यावर ठिबकू लागले.

"बरं वाटतंय," आई डोळे मिटून म्हणाली.

एसीचा गारवा तिला मिळाल्याची ही पहिली घटना. दुसऱ्या दिवशी चूक दुरुस्त करण्यात आली.

चष्मेवाल्यांनी भिंतीवर एक तापमापक टांगला, आणि खरी काळजी तिथून सुरू झाली. आकडा म्हणावा तसा उतरेना. सल्लागाराला पुन्हा बोलावले. त्याच्या सांगण्यावरून खिडकीच्या फटी बुजवल्या, दाराखाली रबराची पट्टी मारली, टीव्ही हलवला, इस्त्री हलवली. मेहुणा आपण होऊन स्वयंपाकघरात गेला आणि फ्रिजशेजारी बसून नोकरी शोधू लागला. बायको सासूबाईंसाठी वाफाळता चहा घेऊन आत निघाली, तेव्हा चष्मेवाल्यांनी तिला उंबरठ्यावरच अडवले. माणसाचे एक वेळ समजू शकते, पण उकळता चहा म्हणजे सरळसरळ घातपात झाला.

"मग थंड करून देऊ?"

"बाहेर थंड कर, मग आण," ते म्हणाले.

"बाहेर थंड व्हायला बाहेर थंड कुठंय?" बायको म्हणाली, आणि तो चहा तिने स्वतः पिऊन टाकला.

आता खोलीत एकटी आई उरली, आणि अडचण तिच्यापाशीच होती. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ती भरपूर पाणी पीत होती. पाणी प्यायले की न्हाणीघराकडे जावे लागे, जाताना दार उघडे, येताना पुन्हा उघडे, आणि दर वेळी आकडा वर सरके. चष्मेवाले मुळात प्रेमळ गृहस्थ. त्यांनी पलंगाच्या कडेला बसून (बसल्याने त्यांचा लोड वाढला, पण इलाज नव्हता) विषय काढला.

"आई, पाणी जरा बेतानं पीत जा."

"डॉक्टर म्हणाले, भरपूर पी."

"डॉक्टरांना लोडमधलं कळत नाही गं."

आईने तापमापकावरचा आकडा वाचला. मग म्हणाली, "मी बाहेर बसले तर उतरेल का रे?"

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला. तोवर आई उशी काखेत मारून निघालीही होती. थोड्या वेळाने आकडा सरळ खाली आला. चष्मेवाल्यांना आनंद झाला. मग आनंद झाल्याचे वाईट वाटले. मग दार नीट लागले आहे ना, हे त्यांनी उठून पाहिले.

बाल्कनीत युनिट गरम वाफारे सोडत होते आणि फ्रिजपाशी मेहुणा होता, तेव्हा आई जिन्यापाशी खुर्ची टाकून बसली. तिथे तिला धाप लागलेली खालच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंनी पाहिली आणि त्या तिला हात धरून आपल्या घरी घेऊन गेल्या. बाईंकडे यंत्र नव्हते. खिडक्या उघड्या, त्यांना ओल्या चादरी बांधलेल्या आणि वर एक कुरकुरणारा पंखा. आई तिथे दिवसभर पत्ते खेळू लागली.

वर खोलीने मात्र अठराचा आकडा गाठला. सल्लागार धन्य झाला. तो नवी गिऱ्हाइके दाखवायला आणू लागला, आणि दार उघडावे लागू नये म्हणून चष्मेवाल्यांनी दारात स्वतःच्या हाताने एक गोल काच बसवली. लोक आळीपाळीने डोळा लावून आतला नीट घातलेला पलंग पाहत.

"इथं कोण झोपतं?" एका गिऱ्हाइकाने विचारले.

"कोणी नाही," सल्लागार अभिमानाने म्हणाला. "म्हणून तर."

एके संध्याकाळी चष्मेवाले आईला आणायला खाली गेले.

"चल ना वर. खोली मस्त गार झालीय."

आईने हातातले पत्ते नीट लावले. "मी आले की किती चढेल?"

चष्मेवाले आयुष्यभर गिऱ्हाइकाला खरा नंबर सांगत आले होते. "दोन," ते म्हणाले. "फार तर अडीच."

"मग असू दे," आई म्हणाली. "तू बस. इथंच जेव."

बाईंनी खुर्ची पुढे केली. ते बसले. ओल्या चादरीतून झुळूक आली, आणि कितीतरी दिवसांनी त्यांची मान सैल पडली. पण तेवढ्यात त्यांना वर मेहुणा एकटाच असल्याची, आणि गार खोलीच्या दाराला कुलूप नसल्याची आठवण झाली. "आलोच," म्हणून ते उठले आणि वर जाऊन काच बसवलेल्या दाराबाहेर स्टूल टाकून घामाघूम बसून राहिले. खाली आईने त्यांचे ताट बराच वेळ झाकून ठेवले होते.

आता आपल्याला या गृहस्थांचा राग आला असेल, आणि तो साहजिक आहे. फक्त एक विचारायचे राहिले. मघाशी, आपण आपल्या गार खोलीत बसून हे वाचत होतात, तेव्हा कोणीतरी दार ढकलून आत डोकावले आणि आपण मान वर न करता "दार लाव आधी" म्हणालात. दार लागले. काहीतरी बोलायला आले असावे. कोण होते, पाहिलेत का?