एकशे आठ टिकांची फत्ते

श्रीभगवती समर्थ. पालीकर आणि देवरूखकर यांजमध्ये छत्रीकारणे जे युद्ध पेटले, त्याची हकीकत यथास्थित लिहावी ऐसी थोरांची आज्ञा जाहली; त्यावरून सेवकाने आंब्याच्या सावलीस बैसोन, विडा जमवून, लिहिली. यात पदरचे मीठ चिमूटभर. बाकी मासळी ताजी आहे.

शके अठराशे चोपन्न, अंगिरा नाम संवत्सर, माघमास. राजश्री रावजी हवालदार, राहणार पाली, बसऱ्याच्या लढाईतून दोन पदके आणि एक लंगडा पाय घेऊन परतलेले, यांचे पदरी लांब पल्ल्याची एक बंदूक होती. साहेबाने विलायतेस जाते समयी खूष होऊन बक्षीस दिलेली, परवाना सरकारी, आणि पाठीवर पितळी दुर्बीण. दुर्बिणीस दोन चक्रे. एकाने नेम खालवर होई, दुसऱ्याने डावाउजवा, आणि चक्र दर घरास 'टिक' ऐसा शब्द करी. हवालदारांनी परसात शंभर वारांवर नारळ मांडून अजमावले, तो एका टिकेस गोळी पाव इंच सरके. मग त्यांनी निवाडा केला की टिक म्हणजे पाव इंच, जेथे जाल तेथे पाव इंच. आणि हे शास्त्र न विचारणाऱ्यांसही सांगत फिरले.

हवालदारांची कन्या विमला देवरूखचे राजमान्य महिपतराव यांचे पुत्रास दिली होती आणि लग्न आठा दिवसांवर आले होते. महिपतराव जिभेचे मोठे सरदार. भर बैठकीत त्यांनी सवाल टाकला, "व्याहीबुवा, बसऱ्यास तुम्ही गोळ्या झाडीत होता की भाकऱ्या भाजीत होता?"

बैठक खो खो हसली आणि हवालदारांचा पारा चढला आणि तेथेच शर्त ठरली: चिरेखाणीत चारशे वारांवर चुना फासलेले मडके ठेवावे आणि तीन गोळ्यांत फोडावे. फुटल्यास महिपतरावांनी हवालदारांवर, न फुटल्यास हवालदारांनी महिपतरावांवर, वरातीत पालीच्या भरबाजारातून छत्री धरून चाकरासारखे चालावे. आता आपलाच गाव, आपल्याच लेकीची वरात, आणि हाती व्याह्याची छत्री! हवालदारांस दोन दिवस भात गोड लागेना.

नेमिल्या दिवशी उभय फौजा सकाळीच खाणीवर डेरेदाखल जाहल्या. महिपतरावांनी कुटिल मसलत करून आपली कोरी काळी छत्री उघडून मडक्याच्या मागे, सहा हात उंच, बांबूस बांधली. हेतू इतकाच की हवालदारांस ती लांबून तरी ओळखीची व्हावी. धोंडू चिरेवाला मडक्यापासून दूर खड्ड्यात दडून बसला. गोळी कोठे पडली हे ओरडून कळविण्याचा हुकूम त्यास होता.

पहिली गोळी सुटली. खड्ड्यातून खबर आली, "दोन हात खाली!"

हवालदार हसले. दोन हात म्हणजे छत्तीस इंच आणि इंचास चार टिका, सबब टिका एकशे चव्वेचाळीस. मग त्यांनी चक्र फिरविण्यास आरंभ केला आणि फिरविता फिरविता अंगठा सुजला आणि देवरूखकरांचे पानाचे डबे रिकामे जाहले. दुसरी गोळी सुटली आणि बांबूवरील छत्री थरथरली.

"सा हात वर!" धोंडू ओरडला. "छत्रीला भोक पडला!"

"अहो, छत्री धरायची आहे," महिपतराव कळवळले, "मारायची नाही!"

हवालदारांनी प्रथम वाऱ्यास, मग बंदुकीस, मग विलायतेस गेलेल्या साहेबास दोष दिला. गोळी राहिली एक. कपाळीचा घाम मिशीत उतरला. तो बायकांत माळ ओढीत बसलेल्या त्यांच्या कुटुंब सौभाग्यवती येसूबाई, हर्ण्याच्या तांडेलाची लेक, पदर खोचून रणात दाखल जाहल्या.

"अवो, माझ्या बाबान सुकाणू बोटभर वळवलान, तर बंदरातल्या बंदरात होडी हातभर सरके. पण तसाच धरून ऱ्हायला, तर दाभोळाच्या जागी भलताच गाव! सुकाणू तेवढाच वळलेला ना? लांब जाल तशी चूक वाढते. तुमचा चाक पण तसाच."

ऐसे बोलून त्यांनी केरसुणीचे दोन हीर उपसले, एका टोकास चिमटीत धरले आणि दुसरीकडे जरासे फाकविले. चिमटीजवळ तांदूळ मावेना. शेंड्याशी सुपारी मावली.

हवालदारांचे डोळे उघडले. चक्र इंच मोजीत नाही, कोन मोजते! शंभर वारांवर जी टिक पाव इंच, तीच चारशे वारांवर सबंध इंच. सहा हात वर गेली म्हणजे इंच एकशे आठ, आणि टिका परत घ्यावयाच्या त्याही एकशे आठ.

"मग माळ हाय की," येसूबाई म्हणाल्या.

तेव्हा एका मण्यास एक टिक ऐसा जप सुरू जाहला. बाई मणी ओढीत आणि हवालदार चक्र उलटे फिरवीत. मेरुमणी आला. हवालदारांनी श्वास कोंडला आणि चाप ओढला आणि मडक्याच्या खापऱ्या आभाळी उडाल्या. त्यातली एक धोंडूच्या ताकात पडली ऐसे सांगतात; सेवकाने ती पाहिली आहे.

मग हवालदारांनी फर्माविले की, हे शास्त्र आम्हांस पहिल्यापासून ठाऊक होते आणि छत्री जाणूनबुजून फोडिली.

"होऽ तर!" येसूबाई म्हणाल्या आणि माळ कनवटीस लावून घरी लाडू वळण्यास गेल्या.

लग्नाचे दिवशी तिसऱ्या प्रहरी वरात पालीच्या बाजारातून निघाली. महिपतरावांनी शर्तीप्रमाणे तीच छत्री हवालदारांवर धरिली. भोकातून सुपारीएवढा कवडसा हवालदारांच्या नाकावर पडला. महिपतरावांनी तो न्याहाळला आणि दांडी केसभर कलविली, तो वरचे भोक बोटभर सरकले आणि कवडसा नेमका हवालदारांच्या उजव्या डोळ्यात बसला. हवालदार मान वळवीत तिकडे दांडी वळे. बाजार संपेतो डोळा मिटलेलाच होता, आणि लोक म्हणाले, हवालदार अजून नेम धरून आहेत.

येणेप्रमाणे फत्ते पालीकरांची, ऐसे दप्तरी दाखल केले. उजव्या डोळ्याचा मुलूख मात्र देवरूखकरांनी पहिल्याच दमात सर केला, तोही माळेवाचून. इमानास जागून तेही नमूद केले असे.