हौसाबाईंच्या कुरडया आणि महालाच्या कमानी

सगळं जग उन्हाळ्यात कुरडया वाळवतं. भिंगारमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या हौसाबाई बारा महिने वाळवतात, आणि त्यासुद्धा त्याच त्या. निहार, रेवा, तुमची आजी अतिशयोक्ती करत नाही. एक अर्धी तुटलेली कुरडई मी दिवाळीपासून ओळखत होते. संक्रांत झाली तरी ती गच्चीच्या कोपऱ्यात रोज ऊन खात होती.

शेवटी मी विचारलंच, "हौसाबाई, या तळणार कधी?"

"तळल्या तर पोरांनी राखायचं काय वो, बाई?"

त्याचं असं झालं. शाळेत डोळे तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाई एकदा पोरांना न्यायला आलेल्या मोठ्यांना म्हणाल्या, की मुलं रोज दिवसाउजेडी तास-दोन तास बाहेर राहिली, तर लांबचं न दिसण्याचा दोष लागण्याची शक्यता कमी होते. बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि मोबाईल काढले. गल्लीतल्या पोरांना आणायला गेलेल्या हौसाबाईंनी घरी येऊन गव्हाचा चीक शिजवायला घेतला. तेव्हापासून शाळा सुटली की गल्लीतली सात-आठ पोरं त्यांच्या गच्चीवर कावळे हाकतात. डोक्यावर टोपी हवी, सूर्याकडे बघायचं नाही, आणि मोबाईल खाली पिठाच्या डब्यात. "वाजू द्या खुशाल. पीठ ऐकतंय."

मधूनमधून त्यांची परीक्षा असते. डोंगरावरच्या चांदबीबीच्या महालाकडे हात करून त्या विचारतात, "सांगा, वरच्या ओळीत कमानी किती?"

"तीन!"

"चार!"

"आजी, पाच!"

"शाब्बास!" हे सगळ्यांनाच. मी पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. मी असते तर निम्म्यांना नापास केलं असतं.

स्वतःच्या डोळ्यांचा तर त्यांना भारी गर्व. अडुसष्टाव्या वर्षी चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायच्या, तोही माझ्यासमोर मुद्दाम. "बघा, बाई. तुमी लई शिकल्या, पर सावलीत शिकल्या."

मग सनाचं प्रकरण झालं. सना म्हणजे खाली शिवणकाम करणाऱ्या रेहानाची चौथीतली मुलगी, गच्चीवरची सगळ्यांत इमानी राखणदार. एके दिवशी पाण्याच्या टाकीवर कावळा येऊन बसला आणि तो ओरडेपर्यंत तिला पत्ताच नाही. मी तिची वही पाहिली, तर फळ्यावरचं सगळं चुकीचं उतरवलेलं आणि खाली वर्गाच्या बाईंचा शेरा: 'लक्ष नसते.' असे शेरे मीही लिहिले आहेत. रेहानाने डोळे तपासून घेतले. नंबर निघाला.

सना चष्मा करायलाच तयार होईना. हौसाबाईंना म्हणाली, "मी रोज उन्हात बसले ना, आजी? आता सगळे म्हणतील, ही चोरून घरात बसायची."

मी तिला नीट समजावलं. ऊन शक्यता कमी करतं, हमी देत नाही. आणि नंबर लागला की तो उन्हाने उतरत नाही, चष्माच घालावा लागतो. सगळं बरोबर आणि सगळं वाया. सना माझ्याकडे बघतच नव्हती. ती हौसाबाईंकडे बघत होती.

हौसाबाई तो शेरा वाचत होत्या. वही अगदी नाकाशी धरून.

"चल," त्या उठल्या. "आदी माजं डोळं तपासू. मंग तुजा चष्मा."

भिंगारच्या बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात आम्ही तिघी गेलो. हौसाबाई खुर्चीत ताठ बसल्या. तपासणारा म्हणाला, "समोरच्या पाटीवरचं सगळ्यांत मोठं अक्षर वाचा."

त्यांनी मान पुढे काढली, डोळे बारीक केले.

"पाटी कुटं हाय?" हौसाबाईंनी विचारलं.

तपासून झाल्यावर तो मला म्हणाला, या वयात चष्म्याशिवाय सुईत दोरा जातो, याचं कारणच हे, की यांना लांबचं दिसत नाही. जन्मभर मिरवलेली ती सुई! मी हौसाबाईंकडे बघायचं टाळलं.

"मला म्हाईत हुतं, बाई," त्या हळूच म्हणाल्या. "फळा मला कदी दिसलाच न्हाई. गुरुजी म्हनले, पोरगी मठ्ठ हाय. चौथीतनं काढली आन् अंधाऱ्या खोलीत विड्या वळाया बसवली." मग त्यांनी सनाची हनुवटी वर केली. "तू मठ्ठ न्हाईस. मी बी नव्हते. आता फ्रेम निवड, माजी पन तूच निवड."

शेजारीण म्हणून मला त्यांची सवय होती. अभिमान त्या दुकानात वाटला.

चार दिवसांनी दोघी चष्मे लावून गच्चीवर आल्या. सनाने निवडलेली फ्रेम जांभळी होती, दोघींचीही. पोरं खिदळली, पण हौसाबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. कुरडयांशेजारी उभ्या राहून त्या डोंगराकडे बघत होत्या. इतका वेळ, की त्या तुटक्या कुरडईवर कावळा येऊन बसला तरी कुणी त्याला हाकललं नाही.

"बाई," त्या म्हणाल्या, "तीनच हायत की वो."

मग पदराने डोळे पुसले, चष्मा पुन्हा चढवला आणि गर्रकन पोरांकडे वळल्या.

"पाच कोन सांगत हुतं रं?"