नंबर घातलेले दहा तुकडे

"ताई, तुझी दोन्ही बोटं वाचली म्हणून समज," धाकट्यानं सांगितलं. अठ्ठावन्न वर्षांत तो इतकं ठाम कधी बोलला नव्हता. चहा हवा की कॉफी, हेसुद्धा तो समोरच्याच्या तोंडाकडे बघून ठरवायचा.

ताईला मधुमेह. तळपायाची जखम बोटांपर्यंत सरकली होती. डॉक्टरांनी दोन आठवडे दिले होते. जखम मागे हटली तर ठीक, नाहीतर दोन बोटं काढायची. "तोवर लावा काय लावायचं ते," असं ते कंटाळून म्हणाले. धाकट्यानं ते मनावर घेतलं.

तो एका प्रयोगशाळेत सहायक होता. तिथलं यंत्र सुईतून चिकट द्रावण सोडायचं. हजारो व्होल्टची वीज त्याला ओढून केसाच्या शंभराव्या हिश्शाइतका बारीक धागा करायची, आणि फिरत्या ड्रमवर त्या धाग्यांचं जाळं साचायचं. द्रावणात चांदीचे अतिसूक्ष्म कण असत. तपासणीच्या काचेच्या बशीत वाढवलेले जंतू त्या कणांनी पटापट मेले होते. ताईचा पाय म्हणजे बशी नव्हे, अशी शंका धाकट्याला आली. पण त्याला रोजच शंका येत, म्हणून ही त्यानं बाजूला सारली.

तीन दिवस खपून त्यानं दहा तुकडे केले, रोज एक लावायला. जाळं इतकं तलम की शिंकलं तर उडून जाईल. म्हणून प्रत्येक तुकडा बटर पेपरवर ठेवला, आणि प्रयोगशाळेच्या शिस्तीप्रमाणे त्या कागदावर नंबर घातला.

पट्टी बांधायचं काम भावोजींकडे होतं. चाळीस वर्षं शिवणकाम केलेला माणूस, हात अगदी हलका. धाकट्यानं त्यांना पाऊण तास कण, धागे आणि व्होल्ट समजावले.

"कळलं ना भावोजी?"

"चांदी आहे म्हणतोस ना? मग कळलं."

धाकट्याला जखम बघवत नसे. तो फोनवरच चौकशी करी.

"लावला का आजचा?"

"सहा नंबर लावला."

"नीट बसला?"

"न बसायला काय झालं? कडा कात्रीनं गोल केल्या मी."

धाकट्याला त्या दिवशी दोन घास जास्त गेले.

दहावी पट्टी सोडायच्या दिवशी तो ताईच्या घरी गेला आणि स्वयंपाकघरातच थांबला. भावोजी आतून सोडलेली पट्टी भांड्यात घेऊन आले. चेहरा उतरलेला.

"बोटं काळी पडलीत रे."

धाकट्यानं भांड्यात पाहिलं. ओला बटर पेपर. त्यावर त्याच्याच अक्षरात दहा.

"जाळं कुठाय?"

"कुठलं?"

"कागदावरचं. पातळ, पिवळट."

"ते होय. माल मळू नये म्हणून लावलेलं ना ते? रोज सोलून केरात टाकत होतो."

"भावोजी, तेच औषध होतं."

भावोजींनी भांड्यात पुन्हा पाहिलं. "नंबर तर कागदावर होता. आम्ही नंबर मालावर घालतो. वेष्टनावर कोण घालतं?"

"आम्ही घालतो," धाकटा म्हणाला.

नळ ठिबकत होता. दोघांनी तो बंद करायला हात पुढे केला आणि दोघांनीही मागे घेतला.

"तिला सांगायचं का?" भावोजींनी हळूच विचारलं. "तिला वाटतं, माझ्या हातून कापडाची चिंधीसुद्धा वाया जात नाही."

धाकट्याला खूप काही बोलायचं होतं. "राहू दे," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोन बोटं गेली.

संध्याकाळी दवाखान्यात ताईनं त्याला खाटेजवळ बसवलं आणि त्याचा हात हातात घेतला. "तुझं औषध लागू पडलं नाही म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. शिकशील हळूहळू."

निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या धाकट्यानं मान डोलावली. भावोजी छताकडे बघत होते.

शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी विचारलं, "कसलं औषध होतं हो?"

"भावानंच केलेलं," ताई म्हणाली. मग त्याचं तोंड पाहून तिला राहवलं नाही. "गुण नाही आला, ते जाऊ द्या. पण कागद काय मजबूत होता म्हणता! दहा दिवसांत एकदा फाटला नाही."