पॉइंट्समनचा पॉइंटर

कुत्रा बघायला जायचं असलं की देवाजीकाका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचे, केसांना तेल लावायचे आणि वाटेत पेढ्यांचा डबा घ्यायचे. ज्यांच्या घरी जायचं त्यांना वाटायचं, हा माणूस मुलगी पाहायला आला आहे. काकांचं वागणंही तसंच. खुर्चीच्या टोकावर बसायचं, नको-नको म्हणत पोह्यांची प्लेट संपवायची आणि मग घसा साफ करून विचारायचं, "उन्हाळा सहन होते का तिले? स्वयंपाकघरात घुसते का? पाहुणे आले तं अंगावर जाते का?" साकोलीला तर एका घरातल्या आजीबाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पोरगा काय करते जी यायचा?"

या सगळ्या स्थळांना मी त्यांच्यासोबत होतो. मोटरसायकल माझी, पेढे त्यांचे आणि नकार कळवायचं काम पुन्हा माझं.

वरठीला स्टेशनामागं आमची घरं लागून आहेत. मी इथल्या कारखान्यात फिटर आहे. काका रेल्वेत पॉइंट्समन होते, म्हणजे गाडी कोणत्या रुळावर जाणार त्याचे सांधे बदलणारा माणूस. रिटायर झाले, पण बोलणं अजून ड्युटीवरच आहे. जेवायला बसताना विचारतात, "लाइन क्लियर आहे का?" भाजी पसंत पडली नाही तर म्हणतात, "हे लूप लाइनले टाक." एखादा माणूस थांबायचं नाव न घेता बोलत सुटला की माझ्या कानात सांगतात, "याचा सिग्नलच लाल होत नाही, बा."

रिटायर झाल्यावर त्यांना पाखरांचा नाद लागला. एक जुनी दुर्बीण गळ्यात अडकवून रोज सकाळी बोडीवर जायचं. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायला बांधलेला लहानसा तलाव. पाखरांची पुस्तकातली नावं काकांना कधी पाठ झाली नाहीत. त्यांनी सगळ्यांना स्टेशनवरच्या पोस्ट देऊन टाकल्या. एका पायावर निवांत उभा राहून अचानक झडप घालणारा बगळा म्हणजे टीसी. कारण नसताना सारखी ओरडणारी टिटवी म्हणजे अनाउन्सर. पाण्यात बुडी मारून भलतीकडेच निघणारी पाणडुबी म्हणजे विदाउट तिकीट. एकदा नागपूरचे दोन पक्षीमित्र बोडीवर आले होते. त्यांनी काकांना विचारलं, "आज काय काय दिसलं?" काका म्हणाले, "तीन टीसी आहेत, अन् विदाउट तिकीट तं मोजताच येत नाही." ते दोघं बराच वेळ बोडीकडे न पाहता काकांकडेच पाहत होते.

सगळा स्टाफ असा दिसत होता, पण एक बटेर काही सापडेना. धान कापून झाल्यावर बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांमध्ये, लाखोळी नावाचं कडधान्य उगवतं. त्या लाखोळीत बटेर बसते, मुठीएवढी, मातीच्या रंगाची. पाय अगदी जवळ पडेपर्यंत हलत नाही आणि मग फुर्रकन उडून जाते. काका दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत ती पुढच्या शिवारात पोचलेली असते. अशात त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात एक कुत्रा गवतातून पळता पळता एकाएकी थांबला. पुढचा एक पाय वर, शेपूट सरळ, नाक समोर, आणि पुतळ्यासारखा स्तब्ध. त्याच्या नाकासमोर पाखरू दडलेलं होतं.

"पॉइंटर म्हणते त्याले," काका मला म्हणाले. "जिंदगीभर मी पॉइंट्समन होतो, गजानन. आता मले पॉइंटर पायजे."

मात्र त्यांची एक अट होती. कुत्रा शेतात पाखरं दाखवणारा हवा आणि घरात राहणारा हवा. अंगणात बांधायचा नाही, गच्चीवर ठेवायचा नाही, घरातच. ही अट ऐकून आमच्या अख्ख्या गल्लीचं डोकं फिरलं, कारण काकांच्या घरात प्रमिलाकाकू होत्या, आणि काकूंना दिसत नव्हतं.

साखरेच्या आजारानं काकूंचे डोळे गेले. आधी धूसर झालं, मग एका बाजूचं गेलं, मग सगळंच. त्याआधी दर रविवारी त्या डबा घेऊन काकांसोबत बोडीवर जायच्या आणि दुर्बिणीशिवाय काकांपेक्षा जास्त पाखरं पाहायच्या. डोळे गेल्यावरही काकांनी त्यांना दोनदा नेलं. तिसऱ्यांदा काकूंनी चप्पल घालायलाच नकार दिला. "तुम्ही 'ते पाय, ते पाय' म्हणता. मी कुठी पाहू? मी घरीच बरी." तेव्हापासून त्या दारातल्या खुर्चीपलीकडे गेल्या नव्हत्या.

कुत्र्याचं कळलं तेव्हा काकू चिडल्या. "मले दिसत नाही, अन् हे घरात चार पायाचं आणून राहिले! एखाद्या दिवशी मी त्याच्यावर पडन, तं तो बी जाईन अन् मी बी."

आमच्या घरीही माझी बायको रेखा भांडी आपटत म्हणाली, "बायकोचे डोळे गेले अन् यायले शिकारी कुत्रा पायजे! अन् तुम्ही गाडी घेऊन मागं मागं."

शिकारी हा शब्द गल्लीतून निघून पार फॉरेस्टपर्यंत गेला. एके दिवशी बीट गार्ड काकांच्या दारात हजर. "शिकारीसाठी कुत्रा घेऊन राहिले म्हणे तुम्ही?" काकांनी त्याला बसवलं, चहा दिला आणि अनाउन्सर, टीसी, विदाउट तिकीट यांची सगळी माहिती सविस्तर दिली. गार्ड जाताना मला म्हणाला, "शिकार करणारा माणूस नाही हा. पण याच्याकडं लक्ष ठेवा."

तर असं आमचं कुत्रा-संशोधन चालू झालं. भंडाऱ्यात एका डॉक्टरांकडे सेटर जातीचा कुत्रा होता. तांबूस, रेशमी, लांब केसांचा, पाहताच प्रेमात पडावा असा. तो बाथरूमच्या फरशीवर पोट टेकवून पडला होता आणि दारात कूलर लावला होता. महिना मार्चचा. काका बाहेर येऊन म्हणाले, "हा कुत्रा नाही बा, हिल स्टेशनचा पाहुणा आहे. मे महिन्यात याच्यासाठी मले बर्फाची गाडी लावा लागन."

साकोलीच्या घरी लॅब्राडोर होता. स्वभावानं इतका गरीब की चोर आला तर त्याला बॅटरी दाखवेल. त्यानं आमच्यासमोर शेपूट हलवली आणि टीपॉयवरचे चहाचे कप एकाच झटक्यात साफ झाले. मग तो काकांची चप्पल तोंडात घेऊन आला आणि प्रेमानं त्यांच्या मांडीवर ठेवून गेला. मालक अभिमानानं म्हणाले, "पाखरू पडलं की असंच उचलून आणते."

"पण मले आणून कायले पायजे?" काका म्हणाले. "पाखरू त्याच्या जागी राहू द्या. मले फक्त दाखवणारा पायजे."

तुमसरला एका राइस मिलवाल्यांकडे स्पॅनियल होती. लांब कान, ओले डोळे. गवतात घुसून पाखरं उठवायची, घरात मांडीवर झोपायची. मला वाटलं, आता पेढे वाटायचे. तेवढ्यात काका उठले, डोळे गच्च मिटले आणि दोन्ही हात पुढे करून दिवाणखान्यात चालायला लागले. घरची मंडळी भिंतीला चिकटली. स्पॅनियल आनंदानं त्यांच्या पायांभोवती गिरक्या घेत होती. चौथ्या पावलाला काका तिच्यावर अडखळले आणि सोफ्यावर पालथे पडले. उठून, शर्ट झटकून त्यांनी हात जोडले. "लेकरू चांगलं आहे. पण आमच्या घरी जमणार नाही."

"काका, हे काय होतं?" मी गाडी सुरू करता करता विचारलं.

"तुही काकू अशीच चालते ना घरात," ते म्हणाले आणि हेल्मेट घालून मागे बसले.

शेवटी नागपूरला एका फ्लॅटमध्ये रूबी भेटली. पॉइंटर, पांढऱ्या अंगावर तपकिरी डाग, आखूड केस, वय तीन वर्षं. तिच्या मालकांची बदली परदेशात झाली होती आणि ते तिच्यासाठी चांगलं घर शोधत होते. काकांनी पेढे टेबलावर ठेवले, डोळे मिटले आणि चालायला लागले. रूबी वाटेतच झोपली होती. पाऊल जवळ आलं तशी ती उठली, दोन पावलं सरकली आणि भिंतीशी जाऊन पुन्हा बसली. काका परत फिरले. रूबी पुन्हा उठली, पुन्हा सरकली. काकांनी डोळे उघडले तेव्हा ते भरून आले होते. मालकीणबाईंना वाटलं, धूळ गेली. त्यांनी पंखा कमी केला.

रूबी वरठीला आली, पण काकूंनी तिच्याशी बोलणं टाकलं. तिच्या गळ्यातल्या घुंगराचा आवाज आला की पाय वर घेऊन बसायच्या. रूबीही शहाणी. काकूंच्या खुर्चीपासून हातभर दूर बसायची, त्यांच्याकडे तोंड करून.

लाखोळी उगवल्यावर एका सकाळी काका आणि मी तिला पहिल्यांदा बांधीत घेऊन गेलो. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालताना तिनं नाक वर केलं, अंग ताठ झालं आणि पुढचा पाय उचलला. काकांनी माझा दंड इतका जोरात धरला की मी ओरडणारच होतो. नेमक्या त्याच क्षणी मालगाडीनं कर्कश हॉर्न मारला. रूबी दचकली, मान पट्ट्यातून निसटली आणि ती सुसाट सुटली. रुळांच्या दिशेनं.

पट्टा काकांच्या हातात तसाच लोंबत राहिला. मी त्यांना वर्षानुवर्षं ओळखतो, पण तसा चेहरा कधी पाहिला नव्हता. पॉइंट्समनला रुळांवर काय काय होतं ते माहीत असतं.

आम्ही दिवसभर शोधलं. मी कारखान्याच्या रस्त्यानं, काका रुळाच्या कडेकडेनं. गँगमन, रिक्षावाले, भाजीवाल्या, सगळ्यांना विचारून झालं. ऊन उतरायला लागलं तेव्हा प्लॅटफॉर्मच्या टोकाच्या बाकावर मला काका सापडले. पांढरा शर्ट ग्रीसनं माखला होता.

"घरी चला, काका. उद्या पुन्हा पाहू."

"घरी जाऊन काय सांगू?" ते म्हणाले. मग रुळांकडे पाहतच बोलत राहिले. "गजानन, मले बटेर दिसली काय, नाही दिसली काय. पण पॉइंटर थांबते ना, तवा त्याचं आंग दगडावाणी होते. तू पाह्यलं ना सकाळी? तुह्या काकूचा हात त्याच्या पाठीवर असला, तं तिले समजन, समोर पाखरू आहे. कोणी 'ते पाय' म्हणायची गरज नाही. माह्या आधी समजन तिले."

मी विचारलं, "मंग हे काकूले सांगितलं काहून नाही?"

"अन् जमलं नसतं तं? ती आस लावून बसली असती ना."

आम्ही चालत घरी आलो. गल्लीच्या वळणावर काका माझ्या मागे पडले. काकू दारातच बसल्या होत्या. आमच्या चपलांचा आवाज ओळखून म्हणाल्या, "कुठी होते जी दिवसभर? तुमचा फोन इथंच पलंगावर वाजून राहिला."

"प्रमिला," काका म्हणाले, "रूबी..."

"हळू बोला. आत्ताच झोपली."

रूबी काकूंच्या पायाशी होती. काकूंच्या लुगड्याचा पदर तिच्या अंगावर होता आणि त्यावर चिखलाचे मोठाले ठसे होते. ती दुपारीच परत आली होती, आम्ही रूळ धुंडाळत होतो तेव्हा. काकू सांगायला लागल्या, "हाताले काहीतरी ओलं लागलं. मी वरडलीच. मंग कान हाती आला, गळ्याले पट्टा नाही. लेकरू नुसतं थरथरून राहिलं होतं जी. मी चारी पाय चाचपून पाह्यले. एक काटा होता, काढला."

काका उंबऱ्यातच बसले. आधी हसले, मग तोंडावर हात धरला. रेखानं आमच्या घरून काकांसाठी चहा आणला, त्यात नेहमीपेक्षा दुप्पट साखर होती. रूबी झोपेत पाय हलवत होती.

काकांचा चहा संपला तशा काकू म्हणाल्या, "तुमच्या हातून ते सुटते. आता पट्टा माह्या हातात द्या. मी येईन सोबत."

काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि नुसतं "हाओ" म्हटलं.

चारेक दिवसांनी आम्ही गेलो. कोवळं ऊन होतं, लाखोळीवर दव होतं. धुऱ्यावर एका बाजूनं काकांनी काकूंचा दंड धरला होता. दुसऱ्या बाजूला रूबी काकूंना चिकटून, त्यांच्याच चालीनं चालत होती. काकूंचा तळहात तिच्या पाठीवर होता. मध्येच काकू थांबल्या. रूबी थांबली म्हणून त्या थांबल्या, पण आम्हाला कळायच्या आधी थांबल्या. त्यांच्या बोटांखाली काहीतरी घट्ट झालं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर आम्हाला दिसत होतं.

"आहे," त्या श्वासातल्या श्वासात म्हणाल्या.

फुर्रकन पाखरू उडालं, आमच्या डोक्यावरून, बोडीकडे. मी ओरडलो, "काका, पाह्यलं का? बटेर!"

काका काकूंकडे पाहत होते. "नाही," ते म्हणाले. "माह्यं ध्यान नव्हतं."

"एवढ्या जवळून उडाली, अन् ध्यान नव्हतं?" मी म्हणालो.

"चूप बसा दोघंही," काकू म्हणाल्या. हात रूबीच्या पाठीवर तसाच होता, हलका, पसरलेला. "अजून एक आहे. हे पोरगी सैल झाली नाही."

आम्ही जिथे होतो तिथेच थांबलो. काकांची दुर्बीण गळ्यात लोंबत होती, ती त्यांनी उचललीही नाही.