वर्तककाकांची फायरवॉल

सख्खा मेहुणा आला तरी वर्तककाका त्याला उंबऱ्याबाहेर उभा करून विचारत, "कोण? कुठून? काय काम?" मेहुणा बिचारा हातात लग्नाची पत्रिका धरून तिन्ही उत्तरं देई. काकांचं म्हणणं एकच: "आधी ओळख, मग आत!"

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर अशा माणसाने आमच्या वसईतल्या बिल्डिंगखाली सायबर कॅफे काढला. वेबकॅम तेव्हा नवलाईचे होते. कॅफेची सगळी लाइन एका कॉम्प्युटरमधून जाई आणि त्यात फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या प्रत्येक संदेशाची झडती घेणारी भिंत. काका तिचं कौतुक पोटच्या पोरीसारखं करत.

आणि तीच दर रविवारी मान टाकू लागली! नेमकी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर, पाचूबंदरची फिलूमावशी वेबकॅमवर मस्कतचा नातू बघायला बसली की पडदा ठप्प. पोर उभं राहायला लागलं होतं, आज-उद्या पहिलं पाऊल टाकणार.

"काका, तुजी भिंत माज्या नातवाला का अडवते?" मावशी कडाडली.

काकांना ते फार लागलं. फायरवॉलची सिस्टीम फुकट मिळणारी, तिचा कोड कुणीही वाचावा. आठवडाभर ते तो वाचत बसले. शनिवारी आरोळी आली, "सापडलं!"

मला म्हणाले, "वॉचमनने विचारलं, कुठे जायचंय? समोरचा म्हणाला, 'दुसऱ्या मजल्यावर...' आणि गप्प! वॉचमन पुढच्या शब्दाची वाट बघत बसला, रांग गेटाबाहेर गेली. कुणीतरी टवाळ अर्धवट संदेश पाठवतोय आणि आमची बाई वाट बघत बसते!"

उपाय त्यांनीच लिहिला: ठरल्या वेळात बोलणं पुरं केलं नाही, तर चालता हो. सिस्टीम बनवणाऱ्यांना तो कळवला. रविवारी सकाळी उत्तर आलं: दुरुस्ती मान्य, सगळ्या जगासाठी! काकांनी बिल्डिंगभर सुकेळी, म्हणजे वसईची वाळवलेली केळी, वाटली. मला दोनदा मिळाली.

मिस्सा सुटली. टवाळाचे अर्धवट संदेश आलेच, पण फायरवॉलने एकेकाला वाटेला लावलं. तिकडे मस्कतमध्ये पोराने सोफा सोडला आणि धडपडत दोन-चार पावलं टाकली. मावशीने अशी किंकाळी फोडली की शेजारचा न्हावी वस्तऱ्यासकट धावत आला.

काका मागे उभे होते. स्वतःच्याच कॅफेत त्यांनी हळूच विचारलं, "मी बघू का जरा?"

"बग की! पोर बगायला काय इचारतोस?"

"आमचा नातू अमेरिकेत असतो. तो चालायला लागला, ते मला फोटोवरून कळलं."

मावशीने खुर्ची सरकवून काकांना पडद्यासमोर बसवलं आणि मस्कतच्या लेकीला ओरडून सांगितलं, "त्याला परत चालव गो! काका बगतोय!"